म्हातारीचे दिवे

फोरमनबाईंचं वैमानिक या जमातीशी कधी पटलं नाही. आपण जोडायचं, यांनी मोडायचं, आणि भिंतीवर फोटो कोणाचा लावायचा? तर यांचा! हे त्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, हातात पाना असो की चहाचा कप. आणि गंमत बघा, त्यांच्या एकुलत्या एका लेकानं लग्न केलं ते एका वैमानिक पोरीशीच. लेक शाळेत गणित शिकवतो, सगळे त्याला मास्तर म्हणतात, आणि स्टुलावर चढून पंखा पुसायचा म्हटलं तरी याला गरगरतं. त्यानं अशी बायको शोधावी म्हणजे कमालच झाली. फोरमनबाई लग्नाच्या दिवशी म्हणाल्या होत्या, "आता घरीसुद्धा मोडतोड सुरू!"

घरी मात्र तसं काही झालं नाही. सून शांत निघाली, कामसू निघाली, आणि सासूच्या जिभेला न घाबरणारी निघाली, हे तर सगळ्यात मोठं नवल. पण त्या दोघींनी पहिल्याच आठवड्यात एक नियम घालून घेतला होता. घरात आई आणि सून. फ्लाइंग क्लबाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की नातं बाहेर. आत सून सासूला इतरांसारखीच फोरमनबाई म्हणायची, आणि सासू सुनेला दिवसपाळी म्हणायची. दिवसपाळी का? कारण सुनेकडे फक्त दिवसा उडायचा परवाना होता. अंधार पडला की तिचं विमान जमिनीवर. बाकी सगळे तिला कॅप्टन म्हणत, पण फोरमनबाई कसल्या म्हणतात!

"अर्ध्या दिवसाचा कॅप्टन नसतो," त्या सांगत. "रात्री उडून दाखव, मग बघू."

आणि ती रात्र आता आली होती. त्या दिवशी संध्याकाळी अंधार पडला की सुनेची रात्रीच्या उड्डाणाची परीक्षा होती. नुसत्या परवान्याची गोष्ट असती तर एवढी धाकधूक नव्हती. पण धावपट्टीच्या पलीकडे रुग्ण नेणाऱ्या विमानाचं ठाणं होतं, आणि तिथे वैमानिकाची एक जागा रिकामी झाली होती. सुनेनं ती जागा मनात धरली होती. रात्रीचा परवाना असेल तर नाव पुढे जाणार, नसेल तर दुसऱ्याचं. परीक्षक बाहेरगावचे. आज आले होते, उद्या सकाळी दुसऱ्या गावी जाणार, आणि परत कधी येतील ते त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे आज नाही तर नाहीच.

आता क्लबात रात्री उडवायचं जे चांगलं विमान होतं त्याचं इंजिन नेमकं उघडून टेबलावर ठेवलेलं. राहिली कोण? म्हातारी. म्हातारी म्हणजे क्लबातलं सगळ्यात जुनं, चार माणसांचं, एका इंजिनाचं विमान. इंजिन ठणठणीत, पंख ठणठणीत, पण रंग उडालेला आणि दारं कुरकुरणारी. फोरमनबाईंचा तिच्यावर भारी जीव. कोणी तिला डबडं म्हटलं तर त्याची धडगत नसे.

दुपारी सून म्हातारीत जाऊन बसली, पॅनेलच्या दिव्यांचं बटण फिरवलं आणि तशीच खाली उतरली.

"फोरमनबाई, डाव्या बाजूचे दिवे लागत नाहीत. वेगाचा नाही, उंचीचा नाही, होकायंत्राचा तर अजिबात नाही. एखाददुसरा लागतोय तो मिणमिण."

फोरमनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दिवसा उडणाऱ्यांना पॅनेलच्या दिव्यांशी काय देणंघेणं? म्हातारीला वर्षानुवर्षं कोणी अंधारात नेलंच नव्हतं. एकेक दिवा गुपचूप विझत गेला होता आणि कोणाला पत्ता नव्हता.

"दिसलं का!" त्या वर्कशॉपभर ओरडल्या. "घरातला बल्ब गेला तर लगेच कळतं यांना! इथे आख्खं पॅनेल आंधळं झालं, पण एक माणूस बोलेल तर शपथ!"

आणि बडबडत बडबडतच त्या कामालाही लागल्या. त्यांची रीतच तशी होती, तोंड आणि हात एकदम सुरू व्हायचे.

स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना सगळे नाहीकाका म्हणत. काहीही मागा, पहिलं उत्तर नाही. मग कपाटात डोकं घालून तीच वस्तू काढून देणार.

"पॅनेलचे बल्ब? नाहीत," नाहीकाका म्हणाले आणि दोन डब्या काढून ठेवल्या.

दोन्ही डब्यांतले बल्ब दिसायला जुळे भाऊ. तुरीच्या दाण्याएवढी काच आणि खाली पितळेची चिमुकली कडी. पण एक डबी बारा व्होल्टची, दुसरी चोवीसची, आणि म्हातारी बारावाली. चोवीसचा बल्ब तिच्यात घातला तर लागतो, पण पेंगुळल्यासारखा. तो मिणमिणणारा एखाददुसरा होता ना, तो कोणीतरी असाच डोळे मिटून घातलेला असणार. फोरमनबाईंनी भिंग डोळ्याला लावलं, प्रत्येक कडीवरचा बारीक आकडा वाचला आणि मगच बल्ब ट्रेमध्ये ठेवला.

हा ट्रे म्हणजे त्यांच्या कामाचा आत्मा. छोटे छोटे खण असलेला पत्र्याचा ट्रे. एका खणात एक नवा बल्ब. नवा उचलायचा, विमानात बसवायचा, जुना काढलेला त्याच खणात आणून ठेवायचा. काम संपलं की एकही खण रिकामा दिसता कामा नये. ट्रेच्या वरच्या भिंतीवर त्यांनी स्वतः ब्रशनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: आत गेलं ते बाहेर आलं पाहिजे. वस्तू हरवली तर ती सापडेपर्यंत विमान जागचं हलणार नाही. एकदा क्लबाच्या अध्यक्षांचं विमान त्यांनी पेनाच्या एका टोपणासाठी अडवून ठेवलं होतं. अध्यक्ष लाल झाले, मग पिवळे झाले, पण टोपण सापडेपर्यंत खालीच बसले.

"दिवसपाळी, बस आत. तुझं काम आहे," फोरमनबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून बाकावर टाकली, कारण टोपी घालून पॅनेलखाली डोकं मावत नाही. मग पदर कमरेला खोचून सीटवर उलट्या झाल्या. पाय सीटच्या पाठीवर, स्वतःची पाठ बैठकीवर, डोकं खाली पायांच्या पेडलपाशी. या वयात, अहो, आणि गुडघे रोज कुरकुर करणारे! पण एकदा आत शिरल्या की त्यांना वय नसे. काही दिवे समोरून बदलता येतात. तबकडीच्या शेजारी लाल टोपीचा इवलासा खांब असतो, टोपी ओढली की बल्ब टोपीसकट हातात येतो. काही मात्र मागून, तारांच्या जंजाळातून. तिथे बोटं पोचली तरी पकड मिळत नाही. त्यासाठी त्यांच्याकडे रबरी नळीचा बोटभर तुकडा होता. नळी बल्बवर दाबायची, घट्ट बसली की अलगद ओढायचं. या तुकड्याला त्या माझं सहावं बोट म्हणत आणि कोणाला उसना देत नसत.

सगळे बसवून झाल्यावर तपासणी. बाहेर चांगलं ऊन होतं, उन्हात एवढेसे दिवे काय दिसणार? म्हणून नाहीकाकांनी एक जाडजूड काळी चादर आणून म्हातारीच्या काचांवर पसरली. आत मिट्ट काळोख. सून सीटवर, सासू अजून पेडलपाशी उलटी, हात दिव्यांच्या बटणावर.

"आधी बोट," खालून आवाज आला. "वेग कुठे?"

सुनेनं अंधारात हात पुढे केला आणि काचेवर बोट टेकवलं. "हा."

"उंची?"

"ही."

"चाचपडलीस. मला काचेवर नख घासल्याचा आवाज आला. परत. उंची?"

ही फोरमनबाईंची खास पद्धत. आधी अंधारात तबकडीवर बोट ठेवायचं, मगच दिवा लावायचा. बोटावर उजेड पडला तर दिवा त्याच तबकडीचा, नाही पडला तर तारांची अदलाबदल झाली. दुसरे मेकॅनिक याला वेळेचा नास म्हणत. सूनही मनातून कंटाळली होती, तिला परीक्षेची उजळणी करायची होती. पण सासूनं तिला एकेक तबकडी तीन-तीनदा विचारली, उलटसुलट विचारली, आणि बोट न घसरता पडेपर्यंत बटण फिरवलंच नाही.

मग फिरवलं. हळूहळू सगळं पॅनेल उजळलं. मऊ, तांबूस, एकसारखं. डावीकडून उजवीकडे एकही डोळा मिटलेला नाही.

"आई गं," सून पुटपुटली. "किती सुंदर दिसतंय."

"फाटकाच्या आत आई नाही," खालून उत्तर आलं. पण आवाजात जरा लोणी होतं. म्हातारी आज नव्या नवरीसारखी दिसत होती, आणि ते काम कोणाचं? माझं. फोरमनबाईंना आपल्या कामाचा अभिमान वाटायचा आणि तो त्या लपवतही नसत. चांगलं केलं तर चांगलं म्हणायला कोणाच्या बापाची भीती, हे त्यांचं म्हणणं.

त्या कुंथत बाहेर आल्या, कंबर धरून उभ्या राहिल्या आणि सवयीनं ट्रेकडे पाहिलं. आणि तिथेच थिजल्या.

एक खण रिकामा होता.

त्यांनी ट्रे उजेडात नेला. परत पाहिलं. सगळे नवे बल्ब विमानात लागले होते, आत्ताच डोळ्यांनी बघितले. म्हणजे हरवला होता तो जुना, जळका, कचऱ्यात टाकायचा बल्ब. कुठेतरी हातून सुटला होता आणि त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

वर्कशॉपमध्ये कोणाचंच लक्ष नव्हतं. नाहीकाका चादरीची घडी घालत होते. सून दारात उभी राहून आभाळाकडे बघत होती, तोंडानं पाठ केलेलं काहीतरी म्हणत. बाकावर परीक्षक चहा पीत बसले होते आणि त्यांच्या शेजारी दुसरा उमेदवार, शेजारच्या क्लबातला, स्वतःचं चकचकीत विमान घेऊन आलेला. त्यालाही तीच रुग्णविमानाची जागा हवी होती.

खरं सांगायचं तर एक क्षणभर फोरमनबाईंच्या मनात आलं. कोणाला कळणार आहे? दाण्याएवढा तर जीव त्याचा. खणात दुसरा जळका बल्ब टाकला की झालं. आणि मी आत्ता तोंड उघडलं तर पोरीची परीक्षा गेली, नोकरी गेली, आणि गावभर काय बोंब होईल? सासूनं डाव साधला! सुनेचं बरं बघवलं नाही! लोकांना तर तेवढंच हवं असतं.

पण तो बल्ब पेडलच्या सांध्यात जाऊन बसला असेल तर? वर अंधारात तिनं पाय दाबला आणि पेडल अडलं तर? आपल्याच सुनेचा पाय, आणि आपल्याच हातचा बल्ब!

"नाहीकाका," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "घडी घालू नका. म्हातारी जात नाही. माझ्या हातून एक बल्ब आत पडलाय."

फोरमनबाईंच्या हातून! सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी लोकांना एवढा धक्का बसला नसता.

"जाऊ द्या हो," नाहीकाका दबक्या आवाजात म्हणाले. "एवढासा तर आहे. पोरीचा दिवस आहे आज. उद्या शोधू."

"भिंतीवर काय लिहिलंय ते वाचा! अध्यक्षांना लागू आणि माझ्या घरच्यांना नाही? तसं असेल तर पुसून टाका ती भिंत!"

बोलल्या खऱ्या, पण सुनेकडे बघायची त्यांची छाती होईना. सून आली. खुंटीवरचा तेलकट डगला काढून कडक इस्त्रीच्या शर्टावर चढवला, बाह्या सारल्या आणि थेट परीक्षकांकडे गेली. फोरमनबाईंनी कान टवकारले.

"सर, माझं विमान अजून तयार नाही. आत एक वस्तू पडली आहे. ती सापडल्याशिवाय मी उडणार नाही."

कोणाच्या हातून पडली, ते ती बोलली नाही.

परीक्षकांनी कप खाली ठेवला. तोंडावरची माशी न हलणारा माणूस. "मी आधी यांना घेऊन जातो," त्यांनी दुसऱ्या उमेदवाराकडे मान हलवली. "आम्ही उतरेपर्यंत तुमचं विमान तयार होऊन बाहेर उभं असेल तर तुमची परीक्षा घेईन. नसेल तर मी जेवायला जाईन."

"चालेल," सून म्हणाली, आणि मागे वळून, "फोरमनबाई, सीटा काढू?"

फोरमनबाईंनी पाना उचलून तिच्या हातात दिला. "काढ," त्या म्हणाल्या. "चार बोल्ट आहेत. एकही हरवलास तर मुस्काट फोडीन."

मग जे काही झालं ते त्या वर्कशॉपनं कधी पाहिलं नव्हतं. सीटा बाहेर आल्या, जमिनीवरचं कापड आलं, पत्र्याची झाकणं उघडली. सासू उजवीकडून, सून डावीकडून, दोघींची डोकी पेडलखाली एकमेकींना आपटतायत. काठीला लावलेला आरसा, टॉर्च, बारीक चिमटा. नाहीकाकांनी "चुंबक नाही" म्हणत चुंबक आणून दिलं, तर फोरमनबाई कडाडल्या, "पितळेला चुंबक काय करणार? पूजा?" आतून एक जुनं नाणं निघालं, कोणाच्यातरी शर्टाचं बटण निघालं, वाळलेलं पान निघालं. बल्ब काही निघेना. बाहेर अंधार पडला आणि चकचकीत विमान घरघरत धावपट्टीकडे गेलं. मास्तर शाळेतून डबा घेऊन आला होता, तो दारातच उभा राहून काळजीनं बोटं मोडत होता.

"झटक्यानं उडाला असेल तर मागे गेला असेल," सून म्हणाली. "मागचं झाकण उघडू?"

"उघडलं तर बंद करायला वेळ लागेल."

"लागू दे. मी अर्धवट बघितलेल्या विमानात बसणार नाही. तुम्हीच शिकवलंय."

फोरमनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नाकावर काळं, केसांत जाळं, डोळे लाल. हिची नोकरी चाललीये हातातून, आणि ही मला माझाच नियम शिकवतेय. त्या क्षणी त्यांना वाटलं, ही आजच्या परीक्षेत नापास झाली तरी चालेल, मला जे बघायचं होतं ते बघून झालं. पण हे त्या बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "टॉर्च नीट धर, माझ्या डोळ्यांत काय मारतेस!"

"डोळ्यांत नाही मारत," सून म्हणाली. टॉर्च तिनं सासूच्या डोक्यावर रोखला होता. "हलू नका."

"काय झालं? पाल आहे का?"

"हलू नका म्हटलं ना!"

सुनेची बोटं सासूच्या केसांत शिरली. लग्न होऊन इतके दिवस झाले, पण या दोघींनी एकमेकींच्या केसांना कधी हात लावला नव्हता. अंबाड्याचा एक पेड सुटला, एक आकडा निघाला, आणि सुनेच्या तळहातावर तो पडला. काळवंडलेली काच, पितळेची कडी. त्या उलट्या झाल्या होत्या तेव्हा वरून सुटला तो थेट अंबाड्यात जाऊन बसला होता, आणि तेव्हापासून सगळ्या वर्कशॉपभर फिरला होता.

आधी कोणीच हसलं नाही, हिंमतच नव्हती. मग नाहीकाकांना राहवलं नाही. "काखेत कळसा, गावाला वळसा!" ते म्हणाले आणि जे सुटले ते खुर्ची धरून हसत बसले. मास्तरही हसला. फोरमनबाईंचा चेहरा आधी तापला, मग त्यांनाही हसू फुटलं, ते असं की डोळ्यांतून पाणी आलं.

"बस झालं!" त्यांनी डोळे पुसले, बल्ब त्याच्या खणात ठेवला, ट्रे एकदा डोळे भरून पाहिला. सगळे खण भरलेले. "आता काय सर्कस बघायला आलात सगळे? झाकणं लावा! बोल्ट! मास्तर, तू ती सीट उचल, नुसता उभा राहू नकोस!"

सगळ्यांनी हात लावला. गणिताच्या मास्तरानं आयुष्यात पहिल्यांदा पाना धरला. पत्रा बसला, कापड बसलं, सीटा बसल्या. फोरमनबाईंनी एकेक बोल्ट स्वतःच्या हातानं ओढून पाहिला, अंगठ्यानं दाबून पाहिला. पेडल पूर्ण दाबलं, सोडलं, परत दाबलं. मऊ लोण्यासारखं. आणि म्हातारीला ढकलत बाहेर काढलं तेवढ्यात चकचकीत विमानाची चाकं धावपट्टीला टेकली.

सुनेनं डगला काढला. शर्टाची इस्त्री पार मोडली होती आणि नाकावरचं काळं तसंच होतं. फोरमनबाईंनी आपल्या डगल्याच्या खिशातला छोटा टॉर्च काढून तिच्या खिशात कोंबला.

"माझ्याकडे आहे," सून म्हणाली.

"असू दे. दोन असावेत."

बाहेर आता गडद अंधार होता. म्हातारी खोकली, गुरगुरली आणि चालू झाली. परीक्षक आत बसले, दार दोनदा आपटावं लागलं. धावपट्टीच्या कडेचे दिवे मागे टाकत ती उचलली गेली, आणि तिचा लाल दिवा वर वर जाऊन चांदण्यांत मिसळला. मास्तरानं डोळे मिटून घेतले होते.

"गेली का?" त्यानं विचारलं.

"गेली. उघड आता."

"उतरली की उघडतो."

फोरमनबाई हँगरच्या दारात उभ्याच राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, चहा दिला तर थंड केला. त्यांच्या मनात सारखं एकच, आत माझे दिवे लागलेत. मऊ, तांबूस, एकसारखे. तिला सगळं नीट दिसत असेल. त्या दिव्यांवर त्यांचा सगळा भरवसा होता.

म्हातारी उतरली ती अशी की चाकं टेकल्याचा आवाजही आला नाही. परत उडली, परत उतरली. शेवटी गुरगुरत येऊन हँगरसमोर उभी राहिली. परीक्षक आधी उतरले. तोंडावरची माशी अजूनही हललेली नव्हती. ते सरळ फोरमनबाईंकडे आले.

"दिवे तुम्ही बदललेत?"

"मीच," फोरमनबाईंनी छाती पुढे काढली. "कसे वाटले?"

"माहीत नाही. वर गेल्या गेल्या मी ते बंद केले."

"बंद केले?" फोरमनबाईंचा आवाज धावपट्टीच्या टोकापर्यंत गेला असेल. "माझे दिवे? अहो, दुपारपासून उलटी लटकून केलेत मी ते! पाठ गेली माझी! आणि तुम्ही बंद केलेत?"

"परीक्षेत करावेच लागतात. दिवे गेले तर वैमानिक काय करतो ते बघायला." परीक्षक थांबले. "बहुतेक जण आधी टॉर्च शोधतात. खिसे चाचपतात, टॉर्च पाडतात, तोवर विमान वाकडं होतं. हिनं टॉर्च काढला, पण त्याच्या आधी तिचं बोट उंचीच्या तबकडीवर होतं. मिट्ट अंधारात. मग वेगाच्या. उजेड नंतर पडला, आणि प्रत्येक वेळी तिच्या बोटावरच पडला. मी इतकी माणसं तपासली, असं पाहिलं नाही. विचारलं, कुठे शिकलात हे?"

"मग? काय म्हणाली?" फोरमनबाईंनी विचारलं.

"म्हणाली, आईनं शिकवलं." परीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं. "त्या आल्यात का इथे? भेटायला आवडलं असतं."

नाहीकाकांनी तोंड फिरवून चष्मा पुसायला घेतला. मास्तरानं डोळे उघडले होते आणि तो आईकडे बघत होता.

"आल्यात," फोरमनबाई म्हणाल्या. केसांतून हात फिरवला, अंबाडा अजून अर्धा सुटलेलाच होता. "पास झाली का ते सांगा."

"झाली. अर्थात."

सून म्हातारीचं दार कुरकुरवत उतरली. खालीच उभी राहिली, जरा ओशाळलेली, कारण फाटकाच्या आतला नियम आपण वर आभाळात मोडला हे तिला कळलं होतं. तिनं घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर अगदी नियमाप्रमाणे बोलली.

"फोरमनबाई, उतरल्यावर दिवे लावून बघितले. सगळे उत्तम आहेत. पण उंचीचा दिवा बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त उजळ आहे. डोळ्याला टोचतो."

आज, या घटकेला, फोरमनबाईंच्या कामात खोट?

फोरमनबाई दोन पावलं पुढे गेल्या. पदराचं टोक अंगठ्यात धरून त्यांनी सुनेच्या नाकावरचं काळं पुसलं, जोरात, लहान मुलाचं पुसतात तसं.

"सकाळी बघते," त्या म्हणाल्या. "आणखी काही तक्रार, कॅप्टन?"